तुळईतली पेटी

मागील अंकात तांब्यापितळेच्या भांड्यांच्या कल्हईविषयी लिहिले, त्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील तीन-चार पत्रांचा सूर एकच होता. घरातील भांडी राहिली, पण घर राहिले नाही. वाडा उतरवला, पेठेतले दुकान पुनर्विकासाला दिले, आणि त्यातल्या लाकडाचे पुढे काय झाले हे विचारायला कोणाला सवडच झाली नाही. एका भगिनींनी लिहिले आहे की, सासऱ्यांच्या बैठकीवरची तुळई टेम्पोत चढताना त्यांनी पाहिली आणि तेव्हा त्यांना वाटले, यातला हातभर तुकडा तरी मागून घ्यावा. पण मागायचा कशासाठी, हे सुचेना. त्या ‘कशासाठी’चे एक उत्तर या वेळी द्यावयाचे आहे. जुन्या लाकडाच्या हातभर तुकड्यातून एक उत्तम पेटी होते.

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू, कारण आपला वाचकवर्ग व्यवहार जाणणारा आहे आणि नेमका येथेच गाफील राहतो. खाली दुकान व वर बिऱ्हाड अशा जुन्या घरात लाकूड किती असते याची कल्पना घर उभे असेपर्यंत येत नाही. खांब, तुळया, कडीपाट, दारांच्या चौकटी, जिन्याच्या पायऱ्या, माळ्याची जमीन, दुकानाच्या फळ्या. घर पाडण्याचा ठेका देताना बहुधा असा सौदा होतो की, ठेकेदार मजुरी मागत नाही, उलट मालकालाच काही रक्कम देतो. त्या बदल्यात लाकूड, लोखंड, पत्रा, फरशी सारे त्याचे. कागदावर सौदा फायद्याचा दिसतो. परंतु लाकडाचे मोजमाप कोणी केलेले नसते आणि घनफुटाचा माल अंदाजाने गेलेला असतो. कापडाचा गठ्ठा मीटर न मोजता कोणी विकणार नाही. तुळई मात्र आपण डोळे झाकून देतो. विकासकाशी किंवा ठेकेदाराशी करार करताना एक ओळ वाढवावी: अमुक तुळया, अमुक दारे आणि अमुक फळ्या मालकाच्या राहतील व त्या न कापता खाली उतरवून दिल्या जातील. ‘न कापता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. घाईने पाडणारा माणूस तुळई मधोमध तोडतो, कारण त्याला ती खाली आणणे सोपे जाते.

हे लाकूड एवढे मोलाचे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पेशवाईतील बांधकामाला लागणारा साग मुख्यतः आपल्याच डोंगरांतला होता. शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातून साग आणल्याचे सांगितले जाते. पुढे इंग्रजी अमलात रेल्वे आली, मुंबई बंदराची उलाढाल वाढली, आणि ब्रह्मदेशाचा साग आपल्या पेठांत शिरला. तेथील पद्धत अशी की, उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल व बाहेरचे लाकूड गोलाकार छेदून झाड जागच्या जागीच दोन-तीन वर्षे वाळू द्यायचे. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. वाळला की तरंगतो. मग हत्तींकडून ओंडके ओढून नदीत सोडायचे आणि इरावतीच्या प्रवाहाबरोबर ते रंगूनच्या करवतींपर्यंत आणायचे. म्हणजे आपल्या घरात येण्यापूर्वीच हे लाकूड वर्षानुवर्षे सावकाश वाळलेले असे. आजच्या घाईच्या भट्टीत ते शांतपण कोठून येणार?

या सागाच्या व्यापाराने एक राज्यही बुडवले. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ने ठरल्यापेक्षा अधिक ओंडके नेल्याचा ठपका ठेवून ब्रह्मदेशाच्या दरबाराने तिला जबर दंड केला. इंग्रजांनी तेच निमित्त केले, १८८५ च्या नोव्हेंबरात युद्ध पुकारले आणि राजा थिबा पदच्युत झाला. त्याला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवले. १९१६ मध्ये तेथेच तो निवर्तला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहायला आपण सहलीने जातो. पण त्या कहाणीच्या मुळाशी ओंडक्यांची मोजणी आणि हिशेबाचा वाद होता, हे व्यापाऱ्याच्या मुलांना अवश्य सांगावे.

साग किती टिकतो याचे एक उदाहरण पुरेसे आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील जमशेटजी बोमनजी यांनी मलबारी सागाचे ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज बांधून १८१७ मध्ये पाण्यात सोडले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत उभे आहे. दोनशे वर्षे खारे पाणी सोसलेला साग जर टिकतो, तर कौलाच्या सावलीत राहिलेल्या तुळईला काय झाले असणार? वरचा एक सूत काळा थर सोडला तर काहीही नाही. रंध्याचा पहिला हात फिरला की आत सोनेरी तपकिरी लाकूड दिसते आणि जुन्या चामड्यासारखा एक उग्र वास येतो. तो वास ज्याला कळला त्याला पुन्हा साग ओळखायला शिकवावे लागत नाही.

आज तसे नवे लाकूड मिळणेही अवघड झाले आहे. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आराखड्यावाचून होणारी जंगलतोड थांबवली. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. बल्लारशा आणि आलापल्लीचा साग उत्तम आहे, बाजारात त्याला ‘सीपी साग’ म्हणतात, पण त्याचा भाव सर्वांना ठाऊक आहे. अशा वेळी घरच्या तुळईतला साग जळणाच्या भावाने जाऊ देणे हा शुद्ध तोटा होय.

आता हिशेब. ६ इंच रुंद, ६ इंच जाड आणि १० फूट लांब अशी मध्यम तुळई घेऊ. तीत अडीच घनफूट लाकूड आहे. तिच्या उभ्या फळ्या पाडायच्या तर प्रत्येक फळीमागे करवत सुमारे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, भुशात घालवते. पाच सुताची फळी पाडून ती रंधून चार सुतावर, म्हणजे अर्ध्या इंचावर आणली की तुळईतून आठ फळ्या मिळतात. सहा इंचांतले चार इंच हाती आले, दोन इंच भुशात आणि छिलक्यात गेले. त्याशिवाय टोकाच्या भेगा, खिळ्यांची भोके आणि कुसवासाठी पूर्वी पाडलेल्या खाचा वगळाव्या लागतात. सारे वजा करून निम्मे लाकूड कामाचे धरावे. १२ इंच लांब, ८ इंच रुंद, ५ इंच उंच आणि अर्धा इंच जाडीच्या पेटीला एकशे शहाण्णव घनइंच लाकूड लागते. एका तुळईत अकरा पेट्या झाल्या. प्रत्येकीचे वजन दोन किलोच्या आसपास.

अकरा हा आकडा मला उगीच मोलाचा वाटत नाही. आमच्या परिचयातील एका कुटुंबात दुकान पुनर्विकासाला गेले, तेव्हा चार भाऊ व दोन बहिणी यांच्यात सहा महिने कोणी कोणाशी नीट बोलत नव्हते. गाळे किती, कोणाला दर्शनी, कोणाला मागचा. रकमेची वाटणी अखेर वकिलांनी केली. पण गल्ल्यावरच्या तुळईची वाटणी करण्याचे सर्वांत धाकट्या बहिणीच्या मनात आले. तिने ती तुळई ठेकेदाराकडून रोख पैसे देऊन परत घेतली (आपल्याच घरचे लाकूड विकत घ्यावे लागले, हे येथे लक्षात घ्यावे) आणि सुताराकडून सहा सारख्या पेट्या करवून घेतल्या. भांडण त्यामुळे मिटले असे मी म्हणणार नाही. दोन भावांचे व्यवहार आजही वेगळे आहेत आणि वेगळेच राहतील. मात्र दिवाळीच्या वहीपूजनाला सहाही घरी ती पेटी पाटावर असते, हे मी पाहिले आहे. गाळ्याचे सहा भाग केले तर एकही भाग कामाचा उरत नाही. तुळईचे तसे नसते.

सर्वच जुने लाकूड पेटीच्या लायकीचे असते असे मात्र नाही. येथे थोडे कठोर व्हावे लागते.

रेल्वेचे जुने स्लीपर स्वस्त मिळतात, म्हणून कोणी आणले तर घरात घेऊ नयेत. ते टिकावेत म्हणून त्यांत क्रिओसोट नावाचे डांबरी, विषारी तेल मुरवलेले असते. त्याचा वास पेटीतून कधीच जात नाही आणि ते त्वचेलाही घातक आहे. परदेशी माल ज्या लाकडी पॅलेटवर आणि खोक्यांत येतो ते लाकूड आपल्या गोदामांत भरपूर असते. ते बहुधा पाइनचे असते आणि साध्या पेटीला चालते. परंतु त्यावरचा आंतरराष्ट्रीय शिक्का पाहावा. ‘एचटी’ अशी अक्षरे असतील तर ते उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते बाजूला ठेवावे. ज्यावर काहीच शिक्का नाही, त्याबद्दल खात्री देता येत नाही, म्हणून तेही नको.

जुन्या दारांवरील तैलरंग ही दुसरी बाब. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः हिरव्या-पिवळ्या जुन्या रंगांत शिसे असू शकते असे धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासू नये. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. रंग असलेली बाजू पाण्याने ओली करून खरवडावी, खरवड कागदात गुंडाळून वेगळी टाकावी, आणि हे काम मुले असलेल्या घरात करूच नये. सागाचा भुसाही निरुपद्रवी नाही. कित्येकांना त्याने शिंका, खाज, दमा होतो. तोंडाला चांगला मास्क हवाच.

तिसरी गोष्ट कीड. लाकडाचा गाभा आणि बाहेरचा फिकट भाग यांत फरक असतो. सागाचा गाभा वाळवी व भुंगे सहसा धरत नाहीत. फिकट भाग मात्र पोखरला जातो. जुन्या फळीला सुईच्या टोकाएवढी भोके दिसली म्हणजे आत कीड आहेच असे नाही, ती पन्नास वर्षांपूर्वी निघून गेलेली असेल. फळी काळ्या कापडावर चार दिवस उभी करून ठेवावी. खाली मैद्यासारखी ताजी पूड पडली तर आत जीव आहे. अशा फळीला कारखान्यात औषध मारतात किंवा भट्टीत तापवतात. आपल्या घरांत तो मार्ग कोणाला रुचणार नाही, आणि त्याची गरजही नाही: ती फळी घेऊच नये, असेल तेथे राहू द्यावी. पूड पडत नसेल तर फिकट भाग कापून टाकून निर्धास्तपणे गाभा वापरावा.

खिळे काढणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत आवश्यक काम. जुने खिळे लोहाराने घडवलेले, चौकोनी असतात. डोके तुटून अर्धा खिळा आत राहतो. लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवला की तो जेथे ओढ घेतो तेथे लोखंड आहे. एका खिळ्याने रंध्याचे पाते किंवा करवतीचे दात क्षणात जातात, आणि यंत्राची करवत असेल तर तो तुकडा डोळ्यातही उडतो. खिळा निघाल्यावर भोकाभोवती निळसर-काळे वलय उरते. लोखंड व लाकडातील द्रव्य यांच्या संयोगाचा तो डाग आहे, तो काढण्याच्या मागे लागू नये. हल्ली आंब्याच्या किंवा रबराच्या नव्या लाकडाला साखळ्यांनी बडवून, डांबरी रंग फासून ‘शंभर वर्षांचे’ म्हणून विकणारे पुष्कळ झाले आहेत. त्यांच्या भोकांना हे वलय नसते, आणि पेटी उघडून आतून पाहिले तर लाकूड कोरे करकरीत असते. खरेदीला जाणाऱ्यांनी एवढी खूण ध्यानात ठेवावी.

आता पेटी. चारही बाजू एकाच फळीतून ओळीने कापाव्यात, म्हणजे लाकडाची रेष कोपऱ्यावरून वळत पुढे जाते. तीन कोपऱ्यांवर ती तंतोतंत जुळते, चौथ्यावर जुळत नाही. तो चौथा कोपरा मागच्या बाजूला, बिजागरीकडे ठेवतात. कोपऱ्याचा सांधा पारव्याच्या शेपटीसारख्या पसरट दातांचा असावा. सुतार त्याला डव्हटेल म्हणतात. एका फळीचे दात दुसरीच्या खाचांत असे अडकतात की एका दिशेने कितीही ओढले तरी निघत नाहीत. ज्या दिशेला ताण पडणार ती दिशा ओळखून दात पाडायचे, हे त्यातले खरे कौशल्य. ज्याला हे जमणार नाही त्याने फणीसारखे सरळ दात पाडावेत; तेही मजबूत असतात. नुसते खिळे ठोकून केलेली पेटी मात्र दहा वर्षांत कुरकुरू लागते.

तळाची फळी कधीही सरसून किंवा खिळ्यांनी पक्की करू नये. लाकूड शंभर वर्षांचे झाले तरी हवेतला ओलावा घेते आणि सोडते; लांबीत नव्हे, रुंदीत हलते. आठ इंच रुंद फळी मे महिन्यापासून श्रावणापर्यंत एक-दोन मिलिमीटर सहज फुगते. ती जखडली तर पेटीचा कोपरा उघडतो नाही तर फळीच चिरते. म्हणून चारही बाजूंना आतून खोबण पाडून तळ तीत नुसता सरकवून ठेवायचा. उन्हाळ्यात पेटी करत असाल तर खोबणीत जागा सोडा. पावसाळ्यात करत असाल तर फळी घट्ट बसली तरी चालेल, ती पुढे आकसणारच आहे. सहा इंची फळ्यांतून आठ इंचांचा तळ व झाकण होण्यासाठी दोन फळ्या कडेला कड लावून जोडाव्या लागतात. जुन्या कारागिरांची झाकणाची युक्ती फार सुंदर आहे. ते आधी सहाही बाजूंनी बंद अशी पेटी तयार करतात, तिला तोंडच नसते. मग बाजूंवर रेघ मारून करवतीने वरचा भाग कापून वेगळा करतात. त्यामुळे झाकण व पेटी यांची लाकडाची रेष एकच राहते. आतमध्ये काहीही नसलेली, कोठूनही न उघडणारी पेटी हाती घेऊन करवत लावताना मोठमोठ्या सुतारांचाही श्वास रोखलेला मी पाहिला आहे.

सागात तेल असते, त्यामुळे चिकटद्रव्य धरत नाही अशी तक्रार होते. उपाय सोपा आहे: सांधा रंधून किंवा घासून ताजा करावा, थिनरच्या फडक्याने पुसावा आणि लगेच जोडावा. दुसऱ्या दिवसावर टाकले की तेल पुन्हा वर येते.

चिकटद्रव्याचा विषय निघाला, तर आपल्या वाचकांनी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. सुतारांचा पूर्वीचा सरस हा जनावरांची कातडी, हाडे व स्नायुबंध उकळून केलेला असे. जुन्या, अत्यंत सात्त्विक घरांतील देव्हारेही त्याच सरसाने जोडलेले असणार, कारण दुसरे साधन नव्हते. फक्त खोबणी व लाकडी खुंट्या यांवर उभे असलेले तेवढे त्यातून सुटले. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आला. हा पांढरा डिंक कृत्रिम रसायनाचा, त्यात प्राणिज काही नाही. त्याने सरसाची दुर्गंधी आणि ती शेगडी दोन्ही कारखान्यांतून घालवली. तरीही प्राचीन वस्तूंच्या दुरुस्तीत व काही वाद्यांच्या कामात सरस आजही वापरतात. म्हणून कारागिराला स्पष्ट विचारावे. त्याला यात अपमान वाटत नाही. गिऱ्हाइकाला काय हवे ते आधी कळलेले बरे, असेच त्याला वाटते.

हीच गोष्ट पॉलिशची. ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात ते स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचे असते, आणि लाख ही कीटकांपासून मिळते. लाखेच्या काड्या खरवडताना त्यावरील जीवही जातात. मेणपॉलिश म्हटले की बहुधा मधमाश्यांचे मेण. मग करायचे काय? जवसाचे उकळलेले तेल पातळ हाताने लावावे, अर्ध्या तासाने जादा तेल पुसून घ्यावे, दोन दिवस थांबून पुन्हा लावावे. असे तीन-चार हात पुरतात. वर चकाकी हवी असेल तर ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण मिळते, ते पूर्णतः वनस्पतिज आहे. मात्र जवसाच्या तेलाचा एक धोका गंभीर आहे. तेलाने भिजलेला फडक्याचा बोळा तसाच कोपऱ्यात टाकला तर तो वाळताना स्वतःच तापतो आणि आगकाडीशिवाय पेट घेऊ शकतो. कारखाने जळाले आहेत त्याने. फडके उघडे पसरून, बाहेर दांडीवर वाळवावे किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावे. कापडाच्या गोदामाजवळ हे काम करणाऱ्यांनी तर दोनदा वाचावे.

पेटीच्या आत तेल लावू नये, तेथे ते वाळत नाही आणि खवट वास धरते. अस्तराला रेशीम किंवा मखमल लावण्याची हौस असते. मखमलीतही कधीकधी रेशीम असते. जाडसर सुती कापड यापेक्षा शोभते, धुताही येते. बिजागऱ्या पितळी घ्याव्यात, आणि शक्य तर त्याच घराच्या जुन्या कपाटाच्या काढून लावाव्यात.

अशा पेटीत काय ठेवायचे, असा प्रश्न तरुण मंडळी करतात. पूर्वी हा प्रश्न कोणी केला नसता. गल्ला लाकडाचा होता, मुनीमजींची बसण्याची उतरती पेटी लाकडाची होती, रोजकीर्द आणि खतावण्या पेटाऱ्यात राहत. बायकांची फणेरपेटी आणि कुंकवाचा करंडा वेगळाच. आपल्या शास्त्रभांडारांनी तर लाकडावर सर्वांत मोठा भरवसा ठेवला. पाटणच्या भांडारांत काय किंवा आपल्या कारंजा लाड येथे काय, ताडपत्रे व हस्तलिखिते वाचली ती दोन लाकडी पाटल्यांमध्ये धरून, सुती वेष्टनात बांधून, पेट्यांत ठेवल्यामुळे. यामागे शास्त्र आहे. बाहेरची हवा दमट झाली तर लाकूड तो दमटपणा आधी स्वतःत घेते, कोरडी झाली तर सावकाश सोडते. आतल्या पानांना एकदम धक्का बसत नाही. लोखंडी कपाटाला हे जमत नाही, पावसाळ्यात त्याला आतून घाम फुटतो. घरातील जुन्या वह्या, आजोबांची पत्रे, जन्मपत्रिका, एखादी हाताने लिहिलेली पोथी असेल तर त्यांचे स्थान तेथे आहे. आमच्या घरातील वडीलधाऱ्या बाई म्हणतात की, पेट्या वाढू लागल्या तर तोही परिग्रहच. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. मी एवढेच करतो की, नवी पेटी तयार झाली की आधीची कोणास तरी देतो.

मजुरीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. वर सांगितलेले सारे हाताने करायचे तर सवयीच्या कारागिरालाही एका पेटीस दोन दिवसांपेक्षा कमी लागत नाहीत. लाकूड घरचे म्हणून मजुरीत घासाघीस करणारे मी पाहिले आहेत. कल्हईवाल्यांची पेढी आपण अशीच बुडवली. जुने लाकूड रंधणे नव्यापेक्षा कष्टाचे असते, हत्यारे अधिक झिजतात, दर तासाला धार लावावी लागते. तेव्हा नव्या लाकडापेक्षा मजुरी जास्त मागितली तर ती रास्तच आहे. व्यवसाय म्हणून याकडे पाहणाऱ्यांना एक सूचना: जुन्या दारांत शिसव पुष्कळ सापडते, दिसतेही देखणे, पण २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘सायटीस’ कराराच्या नियमांखाली आला आहे. परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर आधी कागदपत्रांची चौकशी करावी. सागाला ती अडचण नाही.

पेटी पूर्ण झाली, तेलाचे हात वाळले, की ती उलटी करावी. तळाच्या खालच्या बाजूला तेल लावलेले नसावे. तेथे गाव, पेठ, घराचे नाव, तुळई कोणत्या खोलीवर होती ते, आणि पेटी केल्याचे वर्ष लिहावे. सुताराचे नावही लिहावे. लिहायचे ते साध्या शिसपेन्सिलने. शाई लाकडात फुटते आणि पाच वर्षांत वाचता येईनाशी होते.